रिळातली चिठ्ठी

आमच्या दुकानाच्या मागच्या फळीवर जे रचून ठेवलंय त्याला दादा संग्रह म्हणतो आणि मी अडगळ म्हणते. तीस वर्षं झाली, यावर आमचं एकमत झालेलं नाही. दुकान व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीचं. लोक साधे कंट्रोलर घेऊन येतात, बटण अडकतं, दांडी एकीकडे ओढते, ते आम्ही नीट करून देतो आणि त्यावर आमचं घर चालतं. पण कुठे काही विचित्र दिसलं की दादाचा हात आखडत नाही. नाचायची चटई आहे, तिच्यावर पाय आपटले की पडद्यावरचा माणूस नाचतो. खुळखुळ्यांची जोडी आहे. चाळीस बटणं आणि तीन पेडल असलेला एक अगडबंब खोका आहे, तो जगात एकाच गेमला चालतो आणि तो गेम आमच्याकडे नाही. हे सगळं पुसायचं कोणी, तर मी. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी दादासाठी मी चिंगीच, आणि फडकं चिंगीच्याच हातात.

त्यातच ती मासे धरायची काठी. हातभर लांबीची, प्लास्टिकची, पुढे दोरा नाही की गळ नाही. बाजूला रीळ आणि ते फिरवायला छोटा दांडा. डाव्या हाताने काठी धरायची, उजव्याने दांडा फिरवायचा, आणि पडद्यावरच्या तळ्यातला मासा ओढून काढायचा. तिला चालणारे गेम तीन. एकाची डिस्क इतकी ओरखडलेली की सुरूच होत नाही, दुसरा मध्येच गोठतो. तिसरा तेवढा धड आहे. "एका गेमसाठी कोणी काठी घेतं का?" असं मी तो ती घेऊन आला तेव्हा विचारलं होतं. "एक आहे ना?" दादा म्हणाला होता.

यंदा दादाच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, बोलणं वाचलं, चाल थोडी वाकडी झाली, आणि उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवर, पण पाहुण्यासारखा बसून राहायचा. दुकानात डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम सगळं दादाचं. मुंगीच्या पायाएवढ्या तारा तो डोळ्याला भिंग लावून जोडायचा. मी वस्तू उघडते, साफ करते, स्प्रिंगा न् स्क्रू बदलते. बारीक डाग मला जमत नाही, दहा वेळा करून पाहिलं, दहा वेळा जाळलं. तेव्हा तो हात परत आला नाही तर आमचं दुकान म्हणजे नुसती धूळ झटकायची जागा. आणि दादाचं काय, हे तर मी मनातसुद्धा आणत नव्हते.

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे. मनगट फिरवा, मूठ वळवा, पण जोर लागला पाहिजे. हात दमला नाही तर व्यायाम झालाच नाही." त्यांनी एक रबरी चेंडू दिला. दादाने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी फेकला. "हे कुत्र्याला दे," म्हणाला. मग त्याचं लक्ष फळीवर गेलं आणि काठी खाली आली.

बाईंना कल्पना पसंत पडली. रिळाच्या आत एक लहानशी स्प्रिंग असते, ती ब्रेकसारखी दांड्याला मागे धरून ठेवते, म्हणजे मासा खरंच ओढतोय असं हाताला वाटावं. "छान, हाच जोर हवा," त्या म्हणाल्या.

पण तो जोर दादाला झेपेना. पट्ट्याने मूठ दांड्याला बांधायची, मग तो दात आवळून पाव फेरा फिरवायचा आणि हात गळून पडायचा. तेवढ्यात मासा पसार. गेममधला निवेदक परक्या भाषेत काहीतरी हसत हसत बोलायचा, आणि दादा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तळ्यात एक मिशाळ, जाडजूड मासा होता, त्याला आम्ही हेडमास्तर नाव ठेवलं होतं. तो तर नुसता तोंड दाखवून जायचा. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी दादाने काठी मांडीवर ठेवली आणि तो रडायला लागला. दादाला मी आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर थेट त्या सकाळी. मी आत गेले आणि उगाचच भांडी घासत बसले, घासलेलीच.

दुपारी तो झोपला. मी काठी टेबलावर घेतली, चार स्क्रू काढले आणि स्प्रिंग काढून डब्यात टाकली. आता दांडा फुंकर मारली तरी फिरेल असा झाला.

इथे आमच्या दुकानाचा एक नियम सांगायला हवा. तो दादाचा आहे आणि त्यावरून मी त्याची पूर्वी पुष्कळ बोलणी खाल्लीत. कुठलीही वस्तू उघडली की चिठ्ठी लिहायची, काय काढलं, काय घातलं, तारीख, नाव. मग दुसऱ्याने ती वस्तू तपासायची आणि चिठ्ठीवर टिक करायची. टिक झाली की चिठ्ठी वस्तूच्या पोटात ठेवून झाकण लावायचं. टिक नसलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात जाता कामा नये. तीस वर्षांचं वळण हाताला. मी चिठ्ठी लिहिली, "ब्रेकची स्प्रिंग काढली. दादा दमतो. चिंगी." तारीख घातली, घडी करून रिळात ठेवली आणि झाकण लावलं. टिक कोणाकडून घेणार होते?

संध्याकाळी दादाने पहिला मासा काढला. "चिंगे! अगं बघ, बघ!" त्याचा चेहरा असा फुलला की मला माझं कौतुकच वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन, मग सात. महिन्याभरात खुद्द हेडमास्तर पाण्याबाहेर. दादाने शेजारच्या शिंप्याला बोलावून तो पडद्यावर दाखवला. शिंप्यानेही बिचाऱ्याने तोंडभरून वाहवा केली. दादा नीट जेवायला लागला, माझ्या खोड्या काढायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. शर्टाची बटणं तो अजून डाव्या हातानेच लावत होता. ते मला दिसत होतं आणि मी मान फिरवत होते. किती दमले होते मी, कोणाला सांगू? घरात एक हसरं माणूस असावं एवढीच तेव्हा माझी हाव होती.

सहा आठवडे असे गेले. बाईंकडे तपासणीला जायचा आदला दिवस होता. मी एका गिऱ्हाइकाचा कन्सोल पोचवून परत आले तर दादा माझ्या टेबलाशी बसलेला. काठी दोन्ही गुडघ्यांत आवळलेली, डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर, रिळाचं झाकण उघडं. समोर माझी चिठ्ठी पसरलेली.

"यावर टिक नाही," दादा म्हणाला.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ब्रेक घट्ट करायला उघडलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, आता फार सोपं जातंय. हातात जोर आलाय, थोडा भार वाढवू. उद्या बाईंना दाखवू."

मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. मी म्हटलं, "दादा, मला वाटलं..." तो उठला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या मुठीत जोर मोजायचं यंत्र दिलं. मागच्या वेळी काटा नऊवर होता. या वेळीही नऊवरच. बाईंनी पुन्हा दाबायला लावलं. नऊ. त्यांनी चष्मा काढला. "घरी रोज करताय ना?" मी तोंड उघडलं, पण दादा आधी बोलला.

"नाही हो," तो म्हणाला, "माझाच आळस. ही बिचारी रोज मागे लागते."

बाई त्याला बरंच बोलल्या. गेलेले आठवडे परत येत नाहीत, म्हणाल्या. अजून आशा आहे, पण सोपे दिवस संपले, आता दुपटीने घाम गाळावा लागेल. दादा खाली मान घालून ऐकत होता. मी शेजारी बसून होते आणि एकेक शब्द माझ्या अंगात रुतत होता. त्याने तिथेच मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने ऐकल्या असत्या.

घरी येऊन मी दार लावलं आणि म्हटलं, "ओरड की रे माझ्यावर! गप्प का आहेस?"

तेव्हा तो ओरडला. "तू माझी कीव केलीस, चिंगे! गिऱ्हाइकाला असा माल दिला असतास?"

"नाही."

"मग मला का दिलास?"

"तू रडलास म्हणून," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. "मला नाही बघवलं रे."

"रडू द्यायचं होतंस," तो म्हणाला. "रडून मी परत दांडा फिरवला असता." आणि पुढे दोन दिवस तो माझ्याशी ब्र बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, औषध दिलं की घ्यायचा. काठीकडे त्याने पाहिलं नाही. हातही आणि दादाही, दोन्ही घालवून बसले, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तर काठी माझ्या टेबलावर. गिऱ्हाइकांच्या वस्तूंना आम्ही बांधतो तसला पुठ्ठ्याचा तुकडा तिला बांधलेला. त्यावर डाव्या हाताचं, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर. "गिऱ्हाईक, दादा. तक्रार, रीळ फार हलकं फिरतं."

दादा पडद्यासमोर खुर्ची ओढून बसला होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी डबा उघडला आणि स्प्रिंग शोधली. ती दोनदा हातातून सुटली. शेवटी बसवली, झाकण लावलं, चिठ्ठी लिहिली. "ब्रेकची स्प्रिंग परत बसवली. चिंगी." मग त्याची मूठ दांड्याला पट्ट्याने बांधली.

मासा लागला. हेडमास्तर नव्हे, बोटभर काहीतरी. दादाने दात आवळले. दांडा जेमतेम हलला, पाव फेरासुद्धा नाही, आणि मासा गेला. निवेदक हसला. दादाने परत गळ टाकला. परत गेला. तासभर तो तेच करत होता आणि मी शेजारी बसून होते. त्याची पाठ घामाने भिजली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठून आत जावं असं मला शंभरदा वाटलं. मी उठले नाही. एकही मासा निघाला नाही.

"सोड," दादा शेवटी म्हणाला. मी पट्टा काढला. त्याची उजवी मूठ लटलट कापत होती. "दमला," हाताकडे बघत तो म्हणाला. "चिठ्ठी आण."

मी चिठ्ठी आणि पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने डाव्या हाताने पेन उचललं, उजव्या बोटांत खोचलं आणि कागदावर टेकवलं. माझा हात आपोआप पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. रेघ खाली गेली, अडखळली, वर जायचं सोडून आडवीच घसरत कागदाच्या कडेला पोचली.

"ही टिक आहे," दादा म्हणाला. "तपासलं. माल ठीक आहे."

मी झाकण उघडून चिठ्ठी आत ठेवली आणि चारही स्क्रू घट्ट आवळले.