चौथं कडवं

उत्तरेश्वर ओव्हाळांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"काका, प्लीज. सगळ्या सन्मानमूर्तींना फेटा आहे," सूत्रसंचालन करणारी उत्कर्षा म्हणाली.

"मूर्तींना बांधा. मी गीतकार आहे."

ती कसनुशी हसून निघून गेली. कोथरूडच्या त्या नाट्यगृहात आल्यापासून उत्तरेश्वरांना एकेकाचा तिटकारा येत होता. पत्रिकेवर त्यांचं आडनाव 'ओहळ' छापलं होतं. मांजरी गावच्या बुद्धविहारात त्यांचं गाणं चाळीस वर्षं गायलं जात होतं, तेव्हा यांतलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. यंदा ते सिनेमात वाजलं आणि उत्तरेश्वर रातोरात लोककवी झाले.

सिनेमाचा संगीतकार राकेश पाया पडायला वाकला. त्याचे हात गुडघ्यापाशीच थांबले.

"काका, एक छोटासा चेंज केलाय. 'गावकुसाबाहेर'च्या जागी 'नदीच्या काठावर' घेतलंय. सगळ्यांना रिलेट होतं."

"माझ्या आईची चूल नदीच्या काठावर कधीच नव्हती."

"फीलिंग तेच आहे हो."

"मग शब्द कशाला घेतलेत? नुसतं फीलिंग न्यायचं."

रंगमंचावर शाल, श्रीफळ आणि काचेचं मानचिन्ह हातात आल्यावर उत्कर्षानं त्यांना दोन मिनिटं दिली. त्यांना एकच पुरलं.

"मूळ ओळ अशी आहे," ते म्हणाले. "'गावकुसाबाहेर पेटली माझ्या आईची चूल, तिच्या धगीनं शिकलं बाई शाळंमधी मूल.' आपल्याला गावकूस टोचलं, म्हणून आपण आमची चूल नदीवर हलवलीत. शब्द बदलायचा तर ज्याचा आहे त्याला विचारावं. एवढी रीत आमच्या वस्तीतही आहे. आभारी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुण्यात अपमान नेटका केला, तर लोक मनापासून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांचाही उत्तरेश्वरांना तिटकारा आला, पण पायऱ्या उतरताना त्यांची मान ताठ होती.

दुसऱ्या रांगेत त्यांची नात अक्षता आणि थोरली बहीण गोदाबाई बसल्या होत्या. गोदाबाईनं ऐंशी ओलांडली होती. भावाचा सत्कार बघायला ती मांजरीहून मुद्दाम आली होती. ते दोघींच्या मध्ये बसले, तोवर गायिकेनं गाणं सुरू केलं. तिकडे माइकवर 'नदीच्या काठावर' घुमत होतं. इकडे गोदाबाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत 'गावकुसाबाहेर' म्हणत होती.

तीन कडवी संपली. लोक टाळ्या वाजवू लागले. गोदाबाई मात्र थांबली नाही.

"आई गेली, चूल इझली, राख ठेवली राखून, लेकीची पाटी देते बाई तिच्यानं मी घासून."

अक्षता आजोबांच्या पुढून तिच्याकडे वाकली.

"आत्याआजी, हे कडवं आजोबांच्या पुस्तकात नाहीये."

"नसंल," गोदाबाई म्हणाली. "खुरपताना सुचंल तसं म्हनायची मी. ह्यो बांधावर बसून लिवून घ्यायचा. मला कुटं लिवाया येतंय? हे म्हनलं त्या दिशी ह्यो कामावर गेल्याला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेतात त्या दिवशी कोण आलं होतं आणि कोण नव्हतं, तेवढंच ती सांगत होती.

अक्षतानं आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, म्हणजे हे गाणं..."

"फार वर्षं झाली त्याला," उत्तरेश्वर म्हणाले आणि शालीच्या टोकानं मानचिन्हाची काच पुसू लागले. काच स्वच्छच होती.

तेवढ्यात राकेश फोटोग्राफरला घेऊन आला. मघाच्या बोलण्याचा त्याला राग आलेला दिसत नव्हता. उलट त्याचा चेहरा खुलला होता.

"काका, कसलं बोललात! तुमची क्लिप व्हायरल होणार. एक फोटो घेऊ या आपला."

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"आजी, जरा बाजूला होता का? फक्त गीतकार आणि संगीतकार हवेत."

गोदाबाई गुडघ्यावर हात टेकवत उठली. अक्षताही उठली, तिनं गोदाबाईचा दंड धरला आणि तिथंच उभी राहून आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

उत्तरेश्वरांचे ओठ हलले.

"काका, इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला. "आणि थोडं हसा."

ते हसले.