बस्त्यांवची फलश्रुती

बस्त्यांवचा गळा गोड होता, हे इनासने कधीच नाकारलं नाही. गोड गळ्याला अक्कल लागत नाही, तो कोकिळेलाही असतो, एवढंच तो म्हणायचा. पण हे तो इतक्यांदा म्हणायचा की त्याची बायको कातारीन शेवटी त्याला म्हणाली, कोकिळेचा एवढा विचार कोकीळसुद्धा करत नसेल.

दोघेही पेशव्यांच्या तोफखान्यातले. इनास गोव्याचा. तोफांची दारू चाळायची, वाळवायची आणि कोठीत कोरडी ठेवायची, हे त्याचं काम. दारूत खडा राहिला तर माणूस जातो, म्हणून संशय हा त्याच्या धंद्याचाच भाग होता आणि तो घरीही सुटत नसे. वाढलेला भात तो आधी बोटाने पसरून बघायचा. बस्त्यांव वसईचा, वयाने लहान, तोफखान्यात कर्णा वाजवायचा. नाना पेठ तेव्हा नुकती वसत होती. तिच्या कडेला तोफा डागणाऱ्या या ख्रिस्ती गोलंदाजांची थोडी घरं आणि मधे गवताने शाकारलेलं प्रार्थनाघर होतं. पाद्रीबाबा गोव्याहून नाताळाला येत, सण करून परत जात. मग वर्षभर रविवारची पोथी वाचायची ती इनासने.

हा मान त्याला सहजासहजी मिळाला नव्हता. लहानपणी तो गोव्यात पाद्र्यांच्या घरी पाणी भरायला होता, आणि पाणी भरता भरता लॅटिन वाचायला शिकला होता. पुण्यातली पोथी मराठी, ओव्यांत रचलेली, हाताने उतरवून घेतलेली. तिच्याशेजारी पाद्रीबाबांनी लॅटिन बायबल ठेवलं होतं, पण ते इनासशिवाय कोणाला उघडता येत नसे. तो वाचायचा मात्र असा की कोठीत माल उतरवून घेतोय. माणसं पेंगायची. देवाच्या शब्दाने मनाला शांती मिळते, अशी इनासने स्वतःची समजूत घातली होती.

बस्त्यांवने संध्याकाळी आपल्या ओट्यावर त्याच पोथीतल्या ओव्या पाठ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ही समजूत गेली. त्याच्याकडे कोणी पेंगत नव्हतं. येशूला बांधून नेतात तिथे बायका पदर डोळ्याला लावायच्या. ख्रिस्ती घरं तर गेलीच, पण पलीकडच्या गल्लीतले मराठे गाडीवान, त्यांच्या बायका, शनिवारवाड्यापुढच्या मंडईत भाजी विकून परतणाऱ्या माळणी, सगळे पाट्या उतरवून बसू लागले. त्यांना एकच चुकल्यासारखं वाटायचं. पुण्यात कुठलीही पोथी संपली की फलश्रुती हवी. ही पोथी ऐकल्याने काय मिळेल ते शेवटी सांगायचं, मग नमस्कार करून उठायचं. त्याशिवाय उठणं म्हणजे ताकभात न खाता पानावरून उठणं. लोकांनी विचारलं, तुमच्या पोथीची फलश्रुती कुठाय? बस्त्यांवने दुसऱ्या दिवशी ती रचून आणली.

जो ऐके हे शुभवर्तमान ।
त्याची व्याधी जाय निरसोन ।
घरी नांदे धनधान्य ।
देवकृपे ॥

आणखीही ओव्या होत्या. वांझेला मूल, वाट चुकलेल्याला घर, सगळ्यांना सगळं. लोकांना ती फार आवडली. कातारीनलाही आवडली. ती भांडी घासताना ती गुणगुणायची, आणि इनासला वाटायचं की आपल्याच घरात आपल्याच राखेने आपल्यालाच कोणी घासतंय.

तो जळत होता. त्याला झोप लागत नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. वर नाताळ जवळ आला होता. दोन ठिकाणी दोन वाचनं चालतात हे पाद्रीबाबांच्या कानावर गेलं होतं, आणि यंदा येऊन एकालाच वाचक नेमतो असा त्यांनी निरोप पाठवला होता. एकाला म्हणजे कोणाला, हे कोणीही ओट्यावरची आणि प्रार्थनाघरातली डोकी बघून सांगितलं असतं.

मग इनासने लॅटिन पुस्तक उघडलं. भक्तीने नव्हे. बस्त्यांवला पाडायला त्यात काही सापडतं का, ते बघायला. आजवर त्याने ते मानासाठी जवळ ठेवलं होतं. आता तो एकेक ओळ वाचायचा, पोथीशी ताडून बघायचा, अडलेल्या शब्दासाठी मागची चार पानं परत वाचायचा. आणि त्याला सापडत गेलं. ऐकणाऱ्याची व्याधी जाईल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. उलट ज्यांनी सगळ्यात जवळून ऐकलं, त्यांना मार बसला, तुरुंग मिळाला. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी येशूला विचारलं, हा कोणाच्या पापाने आंधळा? तर उत्तर मिळालं, कोणाच्याच नाही. पौल या प्रेषिताने पोटाच्या दुखण्यावर आपल्या लाडक्या शिष्याला थोडा द्राक्षारस घे म्हणून कळवलं होतं. पोथी ऐक म्हणून नाही.

इनासला इतका आनंद झाला की त्याने त्या दिवशी भात न चाचपता खाल्ला. पण हे कोणालाही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. नाताळाला, सगळे जमल्यावर, पाद्रीबाबांसमोर एकेक ओळ काढून दाखवायची. बस्त्यांवचं तोंड तेव्हा कसं होईल, हे तो दारू चाळता चाळता मनात बघायचा.

नाताळाला अजून अवकाश होता तेव्हा कातारीन एका संध्याकाळी पोथी अर्ध्यावर सोडून ओट्यावरून परतली. गाडीवानांच्या गल्लीतल्या सोजरबाईचा नवरा गेनबा तोफगाड्याच्या चाकाखाली सापडून पायाने अधू झाला होता. पंजा चेचला होता, जखम चिघळली होती. तोफखान्यातल्या जखमा संभाजी न्हावी बांधायचा. तो रोज येऊन जखम धुवायचा, लेप लावायचा, आणि गेनबा रोज गुरासारखा ओरडायचा. आता सोजरबाईने संभाजीला दारातूनच परत पाठवलं होतं. रोज संध्याकाळी पोथी ऐकत्येय, व्याधी जाणारच हाय, मग उगा मानसाचे हाल कशापायी, असं तिचं म्हणणं. पायाला वास येऊ लागलाय, असं कातारीन म्हणाली.

इनास म्हणाला, हे बस्त्यांवला सांग.

"त्याला कसं कळणार? तो आपलंच रचलेलं खरं मानून बसलाय," कातारीन म्हणाली. "पुस्तक तुम्ही वाचता. त्यात काय आहे, काय नाही, ते तुम्हाला माहीत. महिनाभर चेहऱ्यावर दिसतंय, काहीतरी सापडलंय म्हणून. ते कशासाठी राखून ठेवलंय?"

कशासाठी ते इनासला नीट माहीत होतं. आज बोलावं तर नाताळचा सगळा बेत फुकट जाणार. शिवाय लोक म्हणणार, हा जळतो म्हणून बोलतो, आणि ते खरंच होतं. न बोलावं तर बस्त्यांवचं पाप आणखी मोठं होऊन आयतं हाताला येणार होतं. एका माणसाच्या पायाच्या मोलाने. हा हिशेब आपण सरळ मनात मांडला, हे ध्यानात आलं तेव्हा इनासला स्वतःची किळस आली. त्याने पुस्तक काखेत मारलं आणि निघाला.

ओटा भरलेला होता. सोजरबाई पुढेच बसली होती. फलश्रुती संपेपर्यंत इनास उभा राहिला, मग सगळ्यांदेखत म्हणाला की हे शेवटचं पोथीत नाही, बस्त्यांवच्या घरचं आहे. त्याने पुस्तक उघडलं आणि आंधळ्याची गोष्ट, पौलाची गोष्ट जमेल तशी मराठीत सांगितली. सांगितली कसली, खेकसला. बस्त्यांव पांढरा पडला, पण दबला नाही. लोकांना धीर येतो, देव दयाळू आहे, मी वावगं काय म्हटलं, असं तो म्हणत राहिला. शेवटी त्याने विचारलं, "इनासबाब, खरं सांगा. हे तुम्ही शास्त्राने बोलताय की मत्सराने?"

कोणीतरी हसलं. कातारीन मागे उभी होती, ती हसली नाही.

"मत्सराने शोधलं," इनास म्हणाला. "पण सापडलं ते शास्त्रातच. माझं मन घाण आहे, ते देव बघून घेईल. तू पुस्तक बघ."

बस्त्यांवला लॅटिन येत नव्हतं. तो पानाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एवढ्यातही इनासच्या मनात आलं की रडणंसुद्धा याला शोभून दिसतं.

सोजरबाई उठली. या दोघांच्या भांडणाशी तिला देणंघेणं नव्हतं. तिने इनासला विचारलं, मग तुझ्या बुकात पायाचं काय लिवलंय ते सांग. इनासने पानं चाळली आणि वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला सोडलेल्या माणसाची गोष्ट काढली. देवाधर्माची माणसं बाजूने निघून गेली. एक परका थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून नेलं. त्याने मंत्र म्हटला नाही, असं इनासने मुद्दाम सांगितलं.

सोजरबाईने विचार केला. "न्हाव्याला बोलावते," ती म्हणाली. "पन तू बी यायचं. लेप लावताना हेच वाचायचं."

इनास एकदम हो म्हणाला. तिच्या या अटीत खडा आहे का, ते त्याने चाळायला हवं होतं, ते राहून गेलं.

मग तो रोज गेला. संभाजी मेलेलं मांस कापून काढायचा, कढत पाण्याने धुवायचा, लेप बांधायचा. गेनबा ओरडायचा, आणि इनास आपल्या त्या कोठीतल्या आवाजात परक्या माणसाची गोष्ट वाचायचा. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. पाय राहिला. नाताळाच्या आधी गेनबा काठी टेकत मंडईपर्यंत जाऊन आला.

नाताळाला पाद्रीबाबा आले. मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, झाली, सगळे अंगणात जमले, आणि त्या गर्दीत सोजरबाई नारळ आणि झेंडूचा हार घेऊन शिरली. मागे गेनबा लंगडत होता, आणि त्याच्या मागे गाडीवानांची अर्धी गल्ली. ती बस्त्यांवच्या समोरून गेली, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही, आणि हार इनासच्या गळ्यात घातला.

"आवं पाद्रीबाबा," ती मोठ्याने म्हणाली, "त्याच्या पोथीनं पाय कुजत चालला व्हता. ह्याची पोथी पावली. ह्याचीच जागृत हाय. आता आमी समदी हितंच येनार ऐकायला."

अंगण इनासकडे बघत होतं. त्याच्या वाचनाला एवढी माणसं जन्मात जमली नव्हती. पाद्रीबाबा कौतुकाने बघत होते. बस्त्यांव मान खाली घालून एका कडेला उभा होता, आणि त्याचं तोंड थेट तसं झालं होतं, जसं इनासने मनात पाहून ठेवलं होतं. इनासने ते डोळे भरून पाहिलं. गोड लागलं. आणखी थोडा वेळ पाहिलं. काहीच बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की वाचक तोच, गर्दी त्याची, आणि खोटं एक अक्षरसुद्धा त्याने उच्चारलेलं नसणार.

फक्त आता ती खोटी फलश्रुती त्याची झाली असती.

"बाई," तो म्हणाला, "पाय पोथीने नाही वाचला. संभाजीच्या लेपाने वाचला."

"पन तू वाचत व्हतास की."

"वाचत होतो. न वाचता लेप लावला असता तरी पाय राहिला असता. लेप न लावता वाचलं असतं तर गेला असता."

सोजरबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मंग तुजी पोथी ऐकायची कशापायी?"

इनासने कातारीनकडे बघितलं. "पाय गेला असता," तो हळू म्हणाला, "तरी मी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात येऊन बसलो असतो. त्या पुस्तकात तेवढंच सांगितलंय. त्यासाठी ऐकायची."

सोजरबाईला हे पटलं की नाही, कोण जाणे. तिने त्याच्या गळ्यातला हार काढून घेतला. मग न्हाव्याला घालते, असं म्हणून ती निघाली. गाडीवानांची गल्ली तिच्या मागे गेली. अंगण रिकामं झालं. नारळ मात्र तिने ठेवला. तो कातारीनने उचलला.

पाद्रीबाबांनी दोघांना जवळ बोलावलं आणि सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. इनासने आपला मत्सरही लपवला नाही. आता वाचक आपण, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"वाचेल बस्त्यांव," पाद्रीबाबा म्हणाले. इनासला आधी ऐकू आलंच नसावं. "तुझ्यापुढे माणसं झोपतात, इनास. त्याच्यापुढे जागी राहतात, पण नाही त्या गोष्टीसाठी. काय वाचायचं ते तू पुस्तकात बघून त्याला सांगायचं. तुझ्या होकाराशिवाय तो एक ओवी म्हणणार नाही. आणि तो म्हणत असताना तू समोर बसायचं."

पुढचा पूर्ण आठवडा बस्त्यांव संध्याकाळी इनासच्या दारात येऊन बसला. नम्रपणे बसायचा, विचारायचा, हा शब्द असा चालेल का, इथे मी वाढवलं तर नाही ना. इनास त्याला टोचून बोलायचा, खोडून काढायचा, परत म्हणायला लावायचा. बस्त्यांव परत म्हणायचा. कातारीन दोघांना पेज वाढायची, त्याला जरा जास्त.

रविवारी प्रार्थनाघर भरलं. गाडीवानांची गल्ली आली नाही, पण सोजरबाई आली आणि दाराशी टेकली. तिच्या हातात नारळ नव्हता. बस्त्यांवने परक्या माणसाची गोष्ट गायली, शेवटी फलश्रुती न म्हणता पोथी मिटली, आणि कोणी उठेना. सोजरबाईने पदर डोळ्याला लावला होता. इनास समोर बसून, कान टवकारून, कुठे चुकतो ते ऐकत होता. एक अक्षर चुकलं नाही.

इनासला त्याचं फार वाईट वाटलं.