अर्ध्या डिग्रीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पारा असलेला. किन्हीराजा गावच्या लिलाबाई नर्सच्या पिशवीत मी नऊ वर्षे काढली. हिवतापाने फणफणलेल्या किती लेकरांचा ताप मोजला, त्याची गणती नाही. पण १९७४ साली मला स्वतःलाच राग चढला, तो अजून उतरलेला नाही.

गावातल्या प्रयागच्या लग्नाला सहा वर्षे झाली तरी मूल नव्हते. पाळी कधी पस्तीस दिवसांनी यायची, कधी पन्नास. सासू सोजरबाईने तिला गावभर वांझ ठरवले आणि मुलासाठी, जगदेवसाठी, केनवड गावात दुसरी मुलगीही पाहिली.

लिलाबाईने मला प्रयागच्या हाती दिले. "रोज सकाळी उठायच्या आंधी जिभेखाली धर अन् आकडा वहीत लिव. तुह्या पाळीचा नेम नाही, म्हून दिवस मोजून समजत नाही. अंडं सुटलं का अंग अर्धी डिग्री चढते, अन् पाळी येईस्तोवर तसंच राह्यते."

मी तोंडात असतानाच सोजरबाई ओरडायची, "लोळत काहून पडली? झाडलोट कोन करीन?" प्रयाग पाच मिनिटे उत्तर देत नसे. फक्त तिचे दात माझ्यावर आवळले जात. मी फुटलो नाही, हेच नवल.

असे पाच महिने गेले. पारा कधी एकविसाव्या दिवशी चढला, कधी छत्तिसाव्या. पण दर पाळीआधी चढलाच. वही पाहून लिलाबाई म्हणाली, "तुह्यं अंडं सुटते, प्रयाग. उशिरा सुटते, पन सुटते. आता जगदेवले तपासू."

जगदेव भडकला. "मले काय धाड भरली? दोष बाईतच असते."

मग प्रयाग वही घेऊन एकटीच केनवडला गेली. मुलीच्या वडिलांपुढे, रामरावांपुढे, तिने ती उघडून ठेवली. "माही तपासनी झाली, भाऊ. आता त्याची होऊ द्या, मंग पोरगी द्या."

रामरावांनी तपासणी होईपर्यंत सोयरीक थांबवली. जगदेवला नाइलाजाने अकोल्याच्या दवाखान्यात जावे लागले. दोष त्याच्यात निघाला.

सोजरबाईने दाराला कडी घातली. "हे बाहेर काढू नको, प्रयाग. घराची इज्जत जाते."

"मले सहा वर्सं चव्हाट्यावर वांझ म्हनलं, तवा कडी काहून नाही घातली?" प्रयाग म्हणाली, आणि तिने दार सताड उघडले.

मित्रांनो, मला धुऊन, जपून डबीत ठेवा. मी नाजूक आहे. पण कुणा बाईला वांझ म्हणायची घाई झाली, तर आधी तिच्या नवऱ्याला तपासायला पाठवा. पारा झटकला की खाली येतो. तिला चिकटवलेला शब्द झटकून निघत नाही.