मास्तरांची साखर उतरत नाही

मास्तर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. अंगावर मांस कसलं ते नाही. अशा माणसाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेह व्हावा, हे कोणाच्याच पचनी पडलं नाही. त्यात औषध, पथ्य, चालणं सगळं करूनही तीन महिन्यांनी साखर उलट वाढलेली. मग काय, चोर ठरले मास्तरच. बायकोने दुकानातले खण धुंडाळले. काही सापडलं नाही, म्हणून तिचा संशय आणखी बळावला. तोंडावर ताबा नसेल तर मला दवाखान्यात बरोबर नेऊ नका, असं तिने सुनावलं. मास्तरांना हे फार लागलं. बिचारे खोटं बोलायचे ते फक्त गिऱ्हाइकांशी, आणि तेही कपडे कधी मिळतील एवढ्यापुरतं.

ते एकटेच गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखर अशीच राहिली तर इंजेक्शनं सुरू. मग त्यांनी भलतंच विचारलं: जन्मलात तेव्हा वजन किती होतं? मास्तर म्हणाले, आई सांगते, ओंजळीत मावायचो. त्या वर्षी वडील कामाला होते तो कारखाना बंद होता.

बाईंनी मान डोलावली. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की त्याचं शरीर काटकसर शिकतं, म्हणाल्या. जनुकं तीच राहतात, पण कोणतं किती काम करणार याच्या खुणा तेव्हाच बसू शकतात. पुढे पोटभर मिळू लागलं की तीच काटकसर अंगलट येते. सगळ्यांना होतं असं नाही, पण धोका वाढतो.

हे घरी सांगायचंच नाही, असं मास्तरांनी ठरवलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले. आई त्यांच्या दुधात साखर ढवळत होती. चांगली तीन चमचे. साखरेऐवजी घालायच्या गोळ्यांची बाटली शेजारीच होती, झाकणाचं सीलही न फोडलेली.

"त्या गोळ्यांत कसला कस?" आई पुटपुटली. "तू पोटात होतास तेव्हा तुला काही मिळालं नाही. तेवढं तरी भरून काढते."

मास्तर स्टूल ओढून बसले. आता न सांगून भागणार नव्हतं. जमेल तितक्या हळू आवाजात त्यांनी बाईंचं सगळं म्हणणं सांगितलं. हे आता साखरेने भरून निघत नाही, उलट बिघडतं, हेही. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे माझ्यामुळेच. मी खायला हवं होतं."

"घरात होतं काय तेव्हा?"

आईने चमचा खाली ठेवला. "एकाच्या पोटापुरतं. ते मी ताईला द्यायचे. दोन वर्षांची होती ती."

"मग ताई जगली. आणि मीही."

अठ्ठेचाळीस वर्षं आईने फक्त न दिलेलं आठवलं होतं. तिला रडू कोसळलं. मास्तरांचेही डोळे भरून आले. त्यांनी तो पेला तिच्यापुढे सरकवला.

"हे तू पी. तुझंही तेव्हाचं राहिलंय."

अजून घरात कोणी खाल्लं नव्हतं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय आई कधी तोंडात काही घालत नसे. तरी आई खाली बसली आणि सगळं दूध प्यायली.