माशांच्या पेटीत कोळीण

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. उंच, अरुंद आणि एका कोपऱ्यात तडा गेलेली. ज्या कारागिराने माझ्या काचा कापून सिलिकॉनने चिकटवल्या, त्याने शेवटी मला टिचकी मारली आणि म्हणाला, "हिला आता काही होत नाही." कारागीर असे बोलतातच.

माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे होती. बाहेरच्या खोलीत मी पाण्याने भरलेली उभी असे. गाल सुजलेली माणसे माझ्यासमोर बसत आणि आतून यंत्राचा आवाज आला की माझ्यातल्या सोनेरी माशांकडे आणखीच टक लावून पाहत. "केवढी उंच आहे! मासे कसे वरखाली करतात बघ," असे आया मुलांना दाखवत. माझ्या उंचीचा मला फार अभिमान होता.

मग माझ्या कोपऱ्याला तडा गेला. सतरंजी भिजली, मासे बादलीत गेले आणि मी खालच्या मजल्यावरच्या सलूनवाल्याकडे गेले. त्याने माझ्यात धुतलेले टॉवेल रचले. पुढे टॉवेलांसाठी कपाट आले, तेव्हा त्याने मला घरी नेऊन जिन्याखाली ठेवले. तिथे माझ्यात काय नव्हते! जोडीदार हरवलेल्या चपला, वाळलेल्या रंगाचे डबे, कुलूप नसलेल्या किल्ल्या. चांगल्या दिवसांत लोक आपल्याकडे पाहतात, वाईट दिवसांत आपल्यात टाकतात.

मला तिथून ओढून काढले ते झिपरीने. ही सलूनवाल्याची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. लहानपणापासून डोक्याला कंगवा लागू द्यायची नाही, म्हणून हे नाव पडले. "जगाचे केस कापतो, आणि घरात हे जंगल!" असे तिचे बाबा म्हणत.

झिपरीने एक टॅरंटुला पाळली होती. टॅरंटुला म्हणजे मोठी, केसाळ कोळीण. बाटलीच्या झाकणाएवढी असताना आणलेली ही कोळीण एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात राहत होती. झिपरीने तिचे नाव मखमल ठेवले होते. मखमल अजून लहानच होती, पण पाय पसरले की आता डब्याच्या दोन्ही भिंतींना टेकत. तिला नवे घर हवे होते, आणि ते घर मी होणार होते.

झिपरीने मला टेबलावर ठेवले आणि पुसायला घेतले. पुसता पुसता ती माझ्याशीच बोलत होती. "माशांना ठीक होतीस गं बाई, पण हिच्यासाठी फारच उंच आहेस. ही जमिनीवरची पोर. वरून पडली तर पोट फुटेल हिचं. तुला पार वरपर्यंत माती भरावी लागणार." मला जरा रागच आला. माझी उंची मातीत घालायची म्हणजे काय?

माझ्या दोन काचा पुसून झाल्या आणि तिच्या हातातून फडके गळून पडले. तिने उचलले, पुन्हा पडले. "हाताला मुंग्या आल्यात," असे स्वतःशीच म्हणत ती झोपायला गेली. सकाळी तिला पलंगावरून उठता येईना. दोन्ही पाय लुळे पडले होते. बाबांनी तिला पाठीवर घेतले आणि जिना उतरले. तिचे हात त्यांच्या खांद्यांवरून नुसते लोंबत होते. मागून आई कशाबशा चपला अडकवून धावली.

नसांचा काहीतरी विचित्र आजार होता. आधी हातपाय गेले, मग श्वासही अपुरा पडू लागला. तिच्या घशात नळी घातली आणि तिचे बोलणे बंद झाले. हे मला घरात होणाऱ्या फोनवरून कळत गेले. आई रुग्णालयातच राहिली. बाबा सकाळी सलून उघडत, गिऱ्हाईक उरकत आणि तिकडे पळत. घरी येत ते फक्त अंघोळीपुरते. डॉक्टर म्हणत, थांबायचे, वाट पाहायची. वाट पाहून पाहून त्या माणसाचे गाल आत गेले. जगाच्या दाढ्या करणाऱ्याची स्वतःची दाढी वाढली.

घर सांभाळायला झिपरीची आत्या आली. तिला बाबा अक्का म्हणत. अक्काने पहिल्याच दिवशी मखमलचा डबा पाहिला आणि दोन पावले मागे सरली.

"हे ध्यान घरात कशाला ठेवलंय?"

"पोरीचं आहे, अक्का."

"पोर तिकडे मरणाशी झुंजतेय, आणि इथं आपण किडे पाळायचे?"

 बाबांनी डबा हलवलाही नाही आणि उघडलाही नाही. त्यांना कोळ्यांची फार भीती वाटायची. वस्तरा धरणाऱ्या त्या हाताला भिंतीवरच्या एवढ्याशा कोळ्यानेही घाम फुटायचा.

मी डब्याशेजारीच होते, म्हणून मला सगळे दिसत होते. डब्यातली ओली माती कोंदली. तिच्यावर पांढरी बुरशी धरली. बुरशीत बारीक बारीक किडे वळवळू लागले. पाण्याची वाटी कोरडी पडली. मखमल एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. मित्रांनो, माझ्या चारही बाजूंना काच आहे, पण तोंड एकाही बाजूला नाही. मी ओरडणार कशी?

अखेर एकदा बाबा भर दुपारी घरी आले, ते पायऱ्या दोन दोन चढतच. "अक्का, नळी काढली! पोर बोलली!"

अक्काने डोळ्यांना पदर लावला. "काय म्हणाली रे?"

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणाली, मखमलचं घर बदललं का?"

ते तसेच उभे राहिले. इतके दिवस आपल्या लेकीसाठी त्यांना काहीच करता आले नव्हते. आता तिने काहीतरी मागितले होते. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मला धुवायला घेतले.

किती मनापासून केले त्यांनी ते! माझ्या कोपऱ्यातला मळ दाढीच्या ब्रशने काढला. झिपरीने आणून ठेवलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवले, पिळले आणि माझ्या तळाशी बोटभर जाडीचा थर पसरला. दडायला फुटक्या कुंडीचा अर्धा भाग पालथा घातला. पाण्याची वाटी ठेवली. शोभेसाठी एक दगडही ठेवला. वर झाकण हवे म्हणून लाकडी चौकटीला डासांची नायलॉनची जाळी ताणून ठोकली. अक्का दारातून पाहत होती. "माशांच्या पेटीत कोळीण! मासे बिचारे सुटले म्हणायचे," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसले.

मी मात्र आतल्या आत घाबरीघुबरी झाले होते. माती थोडी आहे! अजून भरा! वरपर्यंत! पण बाबांना ते कुणी सांगितलेच नव्हते. झिपरीचे ते बोलणे ऐकले होते फक्त मी.

मखमलला हलवताना बाबांच्या कपाळावरून घाम टपकत होता. एका हातात मोठा पेला, दुसऱ्या हातात नवा कोरा, मऊ ब्रश. "चल गं माझी आई, चल," असे पुटपुटत त्यांनी तिला हळूच ढकलले. ती पेल्यात आली. पेला माझ्यात आडवा झाला. मखमलने मातीवर एक पाय टेकला, मग दुसरा. बाबांनी झाकण लावले आणि जमिनीवर बसकण मारली.

पण नव्या जागेत मखमलचा जीव रमेना. एवढी मोकळी जागा तिने कधी पाहिलीच नव्हती. ती कुंडीत शिरली नाही. काचेकाचेने फिरत राहिली, चढत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पार माझ्या माथ्यापर्यंत चढली आणि जाळीला उलटी लटकून चालू लागली. तिच्या पायाची बारीक नखी जाळीच्या छिद्रात अडकली. तिने ओढून पाहिली, सुटेना. बाकीचे पाय एकेक करून सुटले. 'जीव टांगणीला लागणे' हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत शिकला असाल. मी तो माझ्या आत पाहिला. वर एका पायाने लोंबणारी मखमल, आणि थेट तिच्याखाली तो शोभेचा दगड.

ज्या उंचीवरून माझे कौतुक झाले, त्या उंचीकडे मला पाहवेना.

अक्का पाणी प्यायला आली होती. तिने पाहिले आणि किंचाळली. पण पळाली नाही. तिने सलूनमध्ये फोन लावला. "ये रे लवकर! ती फाशी गेल्यासारखी लटकलीय!"

बाबा एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसेच धावत आले. गळ्यात टॉवेल, हातात कात्री. मखमल आता थकून मधूनच तडफडत होती. बाबांनी झाकणाला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. "काय करू? अक्का, काय करू मी?" शेवटी त्यांनी रुग्णालयात फोन केला. आईने तो झिपरीच्या कानाशी धरला. बाबांनी आपला फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. झिपरीचा आवाज इतका बारीक होता की अक्काने पंखा बंद केला.

"ओढू नका, बाबा."

"नाही ओढत. सांग."

"जाळी कापा. नखीच्या भोवतीनं." मध्ये नुसता श्वास ऐकू आला. "आणि खाली हात धरा."

"हात?"

"ती पडेल, बाबा. पोट फुटेल तिचं."

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "अक्का, झाकण धर. हळूच वर उचल आणि हलू देऊ नकोस."

"मी?"

"तूच आहेस ना इथं!"

अक्काने देवाचे नाव घेतले आणि झाकण धरले. चौकट जराही हलली नाही. बाबांनी डावा हात माझ्यात घातला आणि मखमलच्या खाली तळवा पसरला. उजव्या हाताने, नाकातले केस कापायच्या त्या बारीक कात्रीने ते वरून जाळीचा एकेक धागा तोडू लागले. कात्री चालू लागली आणि त्यांचा हात स्थिर झाला. एक धागा तुटला. दुसरा तुटला. शेवटचा धागा कात्रीच्या टोकात आला, आणि मखमलने जोराचा हिसका दिला.

ती बाबांच्या तळव्यावर पडली. पाय मात्र वर जाळीतच राहिला.

बाबांनी हात झटकला नाही. ज्या माणसाला एवढासा कोळी सहन होत नव्हता, त्याने ती केसाळ पोर ओंजळीत धरून अलगद मातीवर उतरवली. मग जाळीतला तो पाय पाहिला आणि ते ढसाढसा रडू लागले. तळहाताला तिच्या केसांची खाज सुटली होती. ते तो मांडीवर घासत होते आणि रडत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "काय झालं?"

अक्काने मान हलवून खुणावले, सांगू नकोस. बाबांनी नाक पुसले. "पाय तुटला गं तिचा. माझ्यानं नाही वाचला."

 मग झिपरी म्हणाली, "जिवंत आहे ना? मग कात टाकली की पाय परत येतो."

"परत येतो?"

"हो."

"नक्की येतो?"

"वेळ लागतो, बाबा."

"पण येतो ना गं?" तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज फुटला. आईने हळूच फोन काढून घेतला.

त्याच संध्याकाळी बाबांनी सगळे नव्याने मांडले. या वेळी झिपरीला एकेक गोष्ट विचारून. दगड बाहेर गेला. कोकोपीट दाबून दाबून इतके भरले की माझी फक्त वरची टीचभर जागा उरली. बोटाने एक बीळ सुरू करून त्यावर कुंडीचा तुकडा ठेवला. जाळीच्या जागी अ‍ॅक्रिलिकची शीट आली, तिला बारीक छिद्रे पाडलेली. माझी सगळी उंची मातीत गेली, आणि मला पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले. मखमल चाचपडत बिळात शिरली आणि तिने आतून मातीने दार लिंपून घेतले.

ती कितीतरी दिवस बाहेर आली नाही. तिला खायला टाकलेला रातकिडा बाबांना पुन्हा बाहेर काढावा लागे. मेली असेल, असे रोज वाटे. अक्का आता सकाळी उठल्यावर आधी माझ्याकडे येई. "काही हालचाल?" बाबा नाही म्हणून मान हलवत. मग त्याच प्रश्नासाठी ते रुग्णालयात जात, आणि तिथूनही बहुतेक वेळा तसेच मान हलवत परतत.

झिपरी घरी आली ती चाकांच्या खुर्चीतून. तिचे केस आईने विंचरून घट्ट वेणीत बांधले होते. ती आता अडवूच शकत नव्हती. हात मांडीवर ठेवले की तिथेच राहत. पुष्कळदा ती माझ्या काचेला कपाळ टेकून बसते. तिच्या श्वासाने काच धुरकट होते. कधी कधी ती रडते आणि तिला स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत. बाबा तिची बोटे एकेक करून वाकवतात, सरळ करतात. डॉक्टर अजून म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

मित्रांनो, एवढेच सांगायला मी बोलले. घरात एखादा जीव आणाल तेव्हा त्याच्यासाठी काय सुंदर दिसेल ते पाहू नका. त्याला काय झेपेल, ते आधी जाणून घ्या. माया असलेल्या हातूनही घात होतो, कारण माया विचारायचे विसरते. ज्यांना तोंड नाही आणि ज्यांचे अंग चालत नाही, त्यांच्याजवळ जरा थांबा, नीट पाहा.

परवा बिळाचे दार उघडले. मखमल बाहेर आली. अंगावर नवी, काळीभोर कातडी होती, आणि तुटल्या जागी एक पाय होता. बारीक, फिकट, इतरांहून आखूड. ती तो टेकवत नव्हती, नुसता उचलून धरत होती.

"बाबा!" झिपरी ओरडली. बाबा, आई, अक्का, तिघेही धावत आले. पण त्यांच्यातले कुणीच मखमलकडे पाहत नव्हते. ती सगळी पाहत होती माझ्या काचेवर टेकलेले झिपरीचे बोट. ते तिथे कुणीही ठेवले नव्हते.