जायलूवर न्यायची गिटार

“नुसती बघत काय बसलास, हातात घे,” असं म्हणून चिनाराने भिंतीवरची मधाच्या रंगाची गिटार स्वतःच उतरवली आणि अक्तानच्या मांडीवर ठेवली.

ओश बाजारामागच्या त्या तळघरातल्या दुकानात बसायला एकच बाक होता. अक्तान त्याच्या टोकाला टेकला होता, परक्या घरात टेकावं तसा. चौदाव्या वर्षीच त्याचे खांदे बापासारखे रुंद व्हायला लागले होते. त्याने अंगठ्याने जाड तार छेडली. आवाज उठला आणि बराच वेळ विझला नाही. धाकटी मेरिम इतका वेळ खालच्या उकुलेल्यांच्या तारा ओढत होती, तीही थांबली.

दुकानदार स्लावाकाका म्हणाला की गिटार जुनी आहे पण तोंडावरची फळी अख्ख्या देवदाराची आहे, कुणीतरी देश सोडून जाताना विकून गेलं म्हणून या भावात मिळतेय. मग त्याने सहज विचारलं, वाजवणार कुठं?

“जायलूवर,” अक्तान म्हणाला. “उन्हाळाभर आम्ही वरच्या कुरणातच असतो, सोनकोलला. मेंढरं घेऊन.”

आम्ही म्हणजे तो आणि अपा. चिनाराने मेरिमची वेणी उगाच पुन्हा घट्ट केली.

अपा म्हणजे आई. अक्तानची अपा म्हणजे चिनाराची सासू, सायकाल. अक्तान चिनाराच्याच पोटचा, थोरला; पण पहिलं नातवंड म्हाताऱ्यांनी वाढवायचं, हे काही चिनाराच्या एकटीच्या घरात घडलेलं नव्हतं. शिवणाच्या कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईचा थोरलाही गावीच वाढत होता, आणि ती बाई हसतखेळत असायची. अक्तानचं अंगावरचं पिणं सुटलं तशी सासू कोचकोरहून आली, त्याला आपल्या शालीत गुंडाळलं आणि म्हणाली, घर फार मोकळं झालंय. सासरे नुकतेच गेले होते. नाही कोण म्हणणार होतं? नवरा, तालाय, एवढंच म्हणाला, “तिच्याकडेच तर जातोय, पळून थोडाच चाललाय.” सासूच्या घरात धाकटे दीर होते, ते चिनाराला जेने म्हणायचे, म्हणजे वहिनी. अक्तान त्यांचं ऐकून बोलायला शिकला. तोही जेने म्हणायला लागला. सगळे हसले. चिनाराही हसली होती.

आता तो शाळेला सुटी लागली की चार दिवस शहरात यायचा. त्याच्या सामानाला सासूच्या घरातला वास यायचा, शेणाच्या धुराचा आणि कुरुतचा, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा. पावाला सुरी न लावता तो हाताने तोडायचा, सासूसारखा, आणि पहिला तुकडा सगळ्यांत लहान मुलाला द्यायचा, तोही सासूसारखा. चिनाराला ते सगळं दिसायचं. झोपेत तो काय बडबडतो हे त्या बाईला माहीत, ताप आला की आधी कुठला कान गरम होतो हेही माहीत. फोनवर सासू म्हणायची, “माझं पोरगं नीट जेवलं का गं?” आणि चिनारा म्हणायची, “जेवलं, अपा.”

पण गिटार सासूकडे नव्हती. सासूकडे कोमुज होता, तीन तारांचा. तिने तो नातवाला शिकवलाही होता. सहा तारा मात्र चिनाराच्या. वसतिगृहात असताना आला-आर्चाच्या घळीत शेकोटीभोवती ती पहाटेपर्यंत वाजवायची आणि मुलं तिला उठू द्यायची नाहीत. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची गिटार तिने अशीच मांडीवर घेतली, तर अक्तान दारात येऊन उभा राहिला. जेवणाची हाक आली तरी हलला नाही. मग म्हणाला, “जेने, मला शिकवाल?” त्या दिवसापासून तिने जादा काम घ्यायला सुरुवात केली होती.

स्लावाकाका मान हलवत होता. “जायलूवर ही नको नेऊस बाळा. तंबूत रात्री थंडी, सकाळी चूल पेटली की भट्टी. वर दव. ही फळी महिन्याभरात उभी चिरेल.” त्याने कोपऱ्यातून दुसरी गिटार काढली. काळपट, बुटकी, पातळ थरांच्या लाकडाची. “ही घे. आवाज डब्यासारखा आहे, खोटं कशाला सांगू. पण घोड्यावरून पडली तरी उचलून वाजवशील. बाहेर बसून मजेत वाजवायला हीच.”

चिनाराला हे ठाऊक होतं. दुकानात पाऊल टाकतानाच ठाऊक होतं. म्हणून तर तिने मधाच्या रंगाची आधी उतरवली होती.

“ती कुठं जायलूवर जाणार आहे?” ती म्हणाली. “आमच्याकडेच राहील. कपाटावर, कोरड्यात. हा आला की वाजवेल. दहावीला इथंच शाळा घेतली तर रोजच वाजवेल.”

अक्तानने वर पाहिलं नाही. शाळेचं तो पहिल्यांदाच ऐकत होता. तालायशीसुद्धा ती हे नीट बोलली नव्हती. पण एकदा बोलून गेल्यावर तिला थांबवेना. हिचा आवाज ऐक, ती म्हणाली. गिटार घेऊन तिने दोन-तीन सूर धरले, शेकोटीपाशी धरायची तेच. बोटं अडखळली, तरी खोली भरून गेली. दुकानदारानेही डोळे मिटले.

“वा,” तो म्हणाला. मग अक्तानला, “आईने शिकवलं म्हणजे तुझं काम झालं.”

“जेने आहेत या,” अक्तान म्हणाला. कुणाला दुखवावं म्हणून नव्हे, कुणी घरचा पत्ता चुकीचा सांगितला तर आपण दुरुस्त करतो तसं.

“अस्सं. मग नशीब काढलंस, अशी वहिनी कुणाला मिळते?”

चिनाराने तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला. अपा, शू लागली, म्हणून मेरिमने तिचा झगा ओढला. त्या हाकेसरशी अक्तानची मान दाराकडे वळली आणि तशीच परत आली.

मेरिमला आणून ती परतली तेव्हा दोन्ही गिटारी बाकावर शेजारीशेजारी होत्या आणि अक्तान उभा होता. काळ्या गिटारीचा पट्टा त्याने कधीतरी खांद्याला अडकवून पाहिला असावा, सदरा तेवढ्या भागात चुरगळला होता.

“काय ठरलं?” तिने विचारलं.

“तुम्हाला आवडली तीच घ्या, जेने. छान आहे. मी आलो की वाजवीन.”

जेवणाच्या ताटावर नको असलेला मांसाचा तुकडा ठेवला तर तो असाच म्हणायचा, छान आहे. आणि खायचाही. यजमानाचा मान ठेवायला सासूने त्याला चांगलं शिकवलं होतं. सासूला मात्र तो तोंडावर सांगायचा, नको मला, तू खा. ते चिनाराने स्वतः ऐकलं होतं.

ती बाकावर बसली. मधाच्या रंगाची गिटार तिने एकदा उगाच पुसली आणि भिंतीवर परत टांगली.

“काळी द्या,” ती स्लावाकाकाला म्हणाली. “चांगली बघून घेऊ. हिच्यासारख्या आणखी आहेत का?”

आणखी दोन होत्या. मग तिने जे केलं ते ती कारखान्यात कापडाचा तागा तपासताना करायची तितक्याच बारकाईने केलं. एकेकीची मान डोळ्यासमोर आडवी धरून वाकडी आहे का पाहिलं. तारा किती उंच आहेत हे नखाने मापलं. फार उंच असल्या तर पोराची बोटं सोलतील. खुंट्या पिळून सैल कुठली ते शोधलं. पोटात हात घालून चिकटवलेल्या पट्ट्या चाचपल्या. आवाज तिघींचाही डब्यासारखाच होता, पण मधलीचा डबा जरा मोठा होता.

“ही,” ती म्हणाली. “पाऊस आला तर हिला आधी आत घे, मग मेंढरांना.”

अक्तान हसला. पुढचे सगळे दात दिसले. संकोच सोडून तो असा हसतो हे तिला माहीत नव्हतं, सासूला असेल.

कोचकोरच्या गाड्या सुटतात तिथं ड्रायव्हर ओरडून माणसं गोळा करत होते. फोन वाजला. सासूचा. अक्तानने फोन कानाशी धरला, पण म्हातारी मोठ्याने बोलते, सगळं ऐकू आलं.

“घेतली का रे? तिकडेच ठेवायची, असं तालाय म्हणत होता?”

“नाही अपा, घेऊन येतोय.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग सासू म्हणाली, “बरं. ये मग. खाऊन निघ.” चिनाराला कळलं की पोरगं शहरातच अडकेल या धास्तीने सासू रात्रभर जागी होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रागच आला, आणि रागाखाली सासूबद्दल आणखी काहीतरी, ज्याला ती नाव देणार नव्हती.

तिने गिटार मागून घेतली आणि खुंट्या उलट्या फिरवून तारा सैल केल्या. घाटात थंडीने ताणतात, ती म्हणाली. वर पोचलास की लावून घे.

“अपा लावून देईल,” अक्तान म्हणाला. “तिचा कान पक्का आहे.”

ड्रायव्हर डिकी उघडून उभा होता. डिकीत नाही, मांडीवर, असं चिनाराने त्याला सुनावलं. मग ती अक्तानकडे वळली.

“हे कोमुजसारखं नसतं. तिला सूर कुठून सापडणार? वर फोनही लागत नाही.” तिने हात पुढे केला. “तुझा फोन दे. आवाज भरून ठेवायचं काढ.”

त्याने काढून दिलं. चिनाराने फोन तोंडाशी धरला.

“अपा,” ती म्हणाली, “जाड तारेपासून सुरू करा.”

आणि कोचकोर, कोचकोर असा ओरडा चाललेल्या त्या स्टँडवर, कडेवर मेरिम, तिने एकेक सूर गाऊन दिला, खालून वर. शेवटचा जरा चढा लागला. तिने थांबून घसा साफ केला आणि तो पुन्हा, नीट, गायला.