मी, ठोंब्या आणि डब्यातलं कार्ड

मी एक जुनी बांगडी आहे. भरीव सोन्याची, अंगावर बारीक पानांची वेल, आणि एका बाजूला लहानसा पोचा. तो कशाने पडला ते पुढे सांगते. आधी एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, मित्रांनो. मी नुसती मिरवायची बांगडी नाही, मी या घराची अडीनडीची बांगडी आहे. म्हणजे होते. आता माझी जागा एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने घेतली आहे आणि त्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही नुसतीच जळते आहे.

एका म्हाताऱ्या सोनाराने मला घडवलं. मुशीत वितळताना वाटलं होतं, संपलं सगळं. मग त्याने मला ठोकलं, वाकवलं, घासलं आणि डोळ्याला भिंग लावून माझ्यावर वेल कोरली. आम्ही दोघी होतो, जुळ्या बहिणी. एका आईने आम्हाला आपल्या मुलीच्या लग्नासाठी घेतलं. ती मुलगी म्हणजे माझी बाई. तेव्हा तिचे हात इतके सडपातळ होते की आम्ही कोपरापर्यंत सहज घसरायचो.

बाई सोफ्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. जाडजूड कापडाचे गठ्ठे, बोटभर लांब सुया आणि छतापर्यंत रचलेला स्पंज. तिचा नवरा व्हॅन चालवतो आणि तयार झालेलं सामान गिऱ्हाइकांकडे पोचवतो. मोठं शिलाई मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा माझी बहीण विकली गेली. ती परत आली नाही. पुढे त्याच मशीनच्या चाकावर आपटून मला हा पोचा पडला. माझी बहीण घेऊन वर मलाही मार! त्या मशीनशी मी आजही बोलत नाही.

मी मात्र जायचे आणि परत यायचे. छप्पर गळू लागलं तेव्हा मी बाजारातल्या दुसऱ्या एका सोनाराकडे गहाण गेले. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा गेले. लेकीच्या शिक्षणासाठी गेले. सोनार मला गुलाबी कागदात गुंडाळून तिजोरीत ठेवायचा. तिथे फार काळोख असतो. पण मी मान ताठ ठेवून पडून राहायचे, कारण सोडवून आणल्यावर बाई मला कोमट पाण्यात धुवायची, मऊ ब्रशने माझ्या पानापानांतली धूळ काढायची आणि हातात घालताना म्हणायची, "तू आहेस म्हणून मला झोप लागते गं." त्या एका वाक्यासाठी मी काळोखच काय, पुन्हा भट्टीही सोसली असती.

मग घरात ठोंब्या आला.

ठोंब्या म्हणजे कुत्रा. पिल्लू होता तेव्हा नवऱ्याच्या खिशात मावायचा. वर्षभरात एवढा वाढला की तो दारात आडवा पडला की गिऱ्हाइकाला उडी मारून आत यावं लागे. अक्कल मात्र खिशात मावेल एवढीच राहिली. बाई कापड कापताना तो तिच्या पायावर डोकं ठेवायचा आणि ती मधूनमधून हात खाली नेऊन त्याचे कान खाजवायची. मीही तिच्याबरोबर खाली जायचे. त्याच्या लाळेने बरबटून वर यायचे. घरात सोनं मी, आणि लाडाने 'सोन्या, सोन्या' कुणाला म्हणायचं? तर त्याला! सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

एका रविवारी दुपारी या शहाण्याने स्पंज खाल्ला. चांगली उशीभर. स्पंज पोटात फुगून बसला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आधी निम्मे पैसे भरा. बाईने मला हातातून काढलं. काढताना बोटांच्या पेरांवर मी जरा अडकले, पण निघाले. नवरा मला मुठीत घेऊन धावला. तर सोनाराच्या दुकानाला कुलूप! रविवार ना! घरी गेला, तर सोनार सासुरवाडीला गेलेला. फोनावर फोन झाले. तो आला, दुकान उघडलं, तोपर्यंत दिवेलागण झाली होती. तिकडे ठोंब्या फरशीवर आडवा आणि बाई त्याच्याशेजारी बसलेली. तो वाचला, पण डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

यात माझी काय चूक होती? दुकान बंद होतं, मी थोडीच बंद होते?

मला सोडवून आणलं तेव्हा बाईने मला धुतलं, साबण लावून मोठ्या कष्टाने हातात चढवलं, तिची पेरं आता कामाने जाड झाली होती, आणि मी कान टवकारून वाट बघत राहिले. ते वाक्य आलंच नाही. त्याऐवजी ती लेकीला म्हणाली, "रविवारी चालेल असं काहीतरी हवं बाई. या मुक्या जिवाचं आजारपण वार बघून येत नाही."

लेक म्हणाली, "आई, क्रेडिट कार्ड घेऊया. फक्त ठोंब्याच्या दवाखान्यासाठी."

झालं! जेवणाच्या टेबलावर निवड सुरू झाली. मी बाईच्या मनगटावर, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत सवत निवडायचा कार्यक्रम! नवरा बँकांची चकचकीत पत्रकं घेऊन आला होता. त्याने एक पुढे सरकवलं. "हे बघ. सोनेरी कार्ड. वर प्रवासाची बॅग फुकट."

सोनेरी! अंगात गुंजभर सोनं नाही आणि नाव सोनेरी!

"अहो, आपण जातो कुठे बॅग घेऊन?" बाई म्हणाली.

"बॅग आली की जाऊ की."

"बाबा, याची वर्षाची फी बघा," लेक म्हणाली. "त्या फीमध्ये तुमच्या दोन बॅगा येतील." आणि तिने सोनेरी कार्ड बाजूला सारलं. मला मनातून गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या कार्डावर खरेदीचे गुण, म्हणजे पॉइंट, मिळत होते. लेकीने पत्रकाच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "गुण देतात, पण एक तारीख चुकली की व्याजाने सालं काढतात." तेही बाद. मला वाटलं, सुटले! आता सगळी बाद होणार आणि बाई माझ्यावर हात फिरवणार.

पण खाली एक राखाडी कार्ड उरलं होतं. ना रूप, ना झगमग. लेकीने दवाखान्यात फोन करून विचारलं, हे कार्ड तुमच्याकडे चालतं का, मोठ्या बिलाचे हप्ते पाडून मिळतात का, त्या हप्त्यांवर व्याज किती. मग बँकेला तेच विचारलं आणि दोन्ही उत्तरं जुळवून बघितली. वर्षाची फी नव्हती. आईला दर महिन्याला झेपेल एवढा हप्ता बसत होता.

बाईने शेवटी एवढंच विचारलं, "रविवारी चालेल?"

"रात्रीसुद्धा चालेल, आई."

"मग हेच."

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी टेबलाच्या कडेवर खणकन आपटले. बाईने नुसती बाही खाली ओढली.

कार्ड घरी आलं त्या दिवसाचं कौतुक काय सांगू! पाकीट कात्रीने हळूच कापलं. कार्ड मऊ फडक्यात गुंडाळलं, बटणांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. मला रोज जाडजूड कापडावर घासायला लावायचं आणि या साहेबांना मऊ फडकं! नवऱ्याने एकदा व्हॅनच्या टायरसाठी डब्याला हात लावला, तर बाईने त्याच्या हातावर चापट मारली. "खबरदार! ते ठोंब्याचं आहे." आणि दिवे मालवायच्या आधी ती फळीकडे बघून म्हणायची, "ते आहे म्हणून झोप लागते."

माझं वाक्य! माझं! शब्दन् शब्द उचलून त्या प्लॅस्टिकला दिलं! मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मागत होते, की एकदा तरी याची फजिती होऊ दे.

आणि ती झाली.

तोही रविवारच होता. ठोंब्याने दुपारी घाईघाईने जेवण गिळलं, अंगणात धावला आणि आत येऊन उभाच राहिला. बसेना, झोपेना. उलटीचा उमाळा यायचा, पण बाहेर काही पडायचं नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. तिघांनी मिळून त्याला व्हॅनमध्ये घातलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"पोटाला पीळ पडलाय. मी सुईने हवा काढतो, तेवढ्याने थोडा वेळ मिळेल. पण तासाभरात ऑपरेशन करायलाच हवं. भूल देणाऱ्यांना बोलावतो. तुम्ही काउंटरवर पैशाचं उरका."

बाईने डबा छातीशी धरूनच आणला होता. काउंटरवरच्या मुलीने कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन वाजलं. मुलीने पुन्हा घातलं. पुन्हा तोच आवाज.

"नाही घेत, मावशी."

खोटं कशाला बोलू? मी खूश झाले. एवढी खूश की पोच्यासकट चमकले असेन. मऊ फडकं हवं होतं ना? घ्या आता! आणि बाईचा दुसरा हात लगेच माझ्याकडे आला. शेवटी मीच!

तिने मला ओढलं. मी पेरांपाशी अडकले.

तिने जोर लावला. मुलीने साबण दिला. साबणाने होईना, म्हणून तपासणीला वापरतात ती थंडगार जेली आतून आणून दिली. बाईचा हात लालभडक झाला, कातडी सोलवटली. मी जागची हलले नाही. इतकी वर्षं मी ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला, हाक आली की हातातून उतरायचं, तीच मला जमत नव्हती. बाईच्या हाताने शिवता शिवता मला कधी आत घेतलं ते मला कळलंच नव्हतं.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ठोंब्या टेबलावर पडला होता. त्याने मान उचलली आणि आम्हाला शोधलं. बाईचा हात दिसला तशी शेपटी टेबलावर एकदाच आपटली. तेवढंही त्याला जड जात होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी निघाले असते तरी काय? सोनाराचं दुकान आजही बंदच. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या राखाडी तुकड्याला हात जोडले. म्हटलं, अरे बाबा, तू चाल. मऊ फडकं घे, फळी घे, माझं वाक्य घे. पण चाल!

लेक बँकेशी फोनवर बोलत होती. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही हो, कधीच नाही. एकदाही नाही वापरलं. जपून ठेवलं होतं." मग कपाळावर हात मारला. "आई! घेतल्यापासून आपण ते सुरूच केलं नव्हतं! न वापरलेलं म्हणून त्यांनी बंद ठेवलंय!"

जपून ठेवलं होतं! एवढं जपलं की ते जिवंत झालंच नव्हतं.

बँकेने बाईला फोनवर घेतलं. जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. स्वतःचा पत्ता सांगताना बाई दोनदा अडखळली. नवरा शेजारी उभा राहून हळूच पुढचा शब्द सांगत होता. आज त्याला एकही विनोद सुचत नव्हता. लेकीने फोनवर आलेला आकडा टाकला. "हं, आता घाला," ती मुलीला म्हणाली.

मशीन थांबलं. विचार करत राहिलं. आणि मग त्यातून कागद करकरत बाहेर येऊ लागला.

माझा जीव भांड्यात पडला. मुलगी आत ओरडली, "झालं!" आणि दार बंद झालं.

ठोंब्या वाचला. पोटावर टाक्यांची लांब रेघ घेऊन घरी आला. बाईने टाके नीट बघून सांगितलं की बरे घातलेत, पण तिने याहून बारीक घातले असते. आता त्याला थोडं थोडं जेवण चार वेळा मिळतं, आणि जेवल्यावर धावायची बंदी आहे. हप्ते चालू आहेत. व्हॅनचे टायर अजून जुनेच आहेत आणि नवरा म्हणतो, "बरं झालं बॅग नाही घेतली, जायला गाडी कुठे आहे?"

कार्ड पुन्हा डब्यात गेलं. पण आता लेकीने नियम केला आहे. महिन्यातून एकदा ते बाहेर काढायचं, दोऱ्याची रिळं घ्यायची आणि लगेच पैसे भरून टाकायचे. त्या दिवशी बाई डबा उघडते तेव्हा मी पत्र्यावर मुद्दाम टिचकी मारते. आत किती काळोख असतो ते मला माहीत आहे ना. मी निदान परत येऊन हातात बसायचे. त्याला बिचाऱ्याला कुणी हातात घालत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही अडीनडीसाठी ठेवलेलं काहीतरी असेल. विजेरी असेल, औषधांची पेटी असेल, एखादं कार्ड असेल. त्याला फळीवर ठेवून विसरू नका. अधूनमधून उघडा, चालवून बघा, विचारपूस करा. नुसतं जपलेलं ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

आणि माझं म्हणाल, तर मला आता कुणी काढत नाही. काढताच येत नाही. बाई दिवे मालवताना आजही फळीकडे बघून माझंच वाक्य त्या कार्डाला म्हणते, आणि मी आजही जळते. पण मग ती कुशीवर वळते. खाली ठोंब्या घोरत असतो. तिचा दुसरा हात आपोआप मनगटावर येतो आणि मला धरून, बोटाने माझा पोचा चाचपत चाचपत तिला झोप लागते. ते काही त्या कार्डाला जमायचं नाही.